नाव मी टाकायचो, जोडायची ती

तुमच्या घरातलं एखादं स्टीलचं भांडं उलटं करून पाहा. काठाखाली कोणाचं तरी नाव असेल. मामाचं, आत्याचं, नाहीतर 'सप्रेम भेट'. चिखलीच्या बाजारातून घेतलेलं भांडं असलं तर ते नाव माझ्या हातचं असू शकतं. भांडी विकणाऱ्याला सगळे ओळखतात. नाव टाकणारा कोण होता हे कोणी विचारत नाही, आणि विचारावं असं काही त्यात नाहीही.

अंकवाल्यांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, मी चौथीतून शाळा सोडली आहे, मला अक्षरं येतात, लिहिणं येत नाही. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. तसंच लिहितो आहे. दिवाळीचा अंक आहे, लोकांना गोड लागतं. माझ्याकडचं गोड यंदा संपलं आहे. ज्याला चालणार नाही त्यानं पान उलटावं.

धंदा सांगतो. हातात पेनासारखी धरायची, विजेवर थरथरणारी एक सुई असते. तिनं स्टीलवर अक्षर कोरायचं. सुई थरथरली पाहिजे आणि हात थरथरला नाही पाहिजे, एवढाच हा धंदा. पाटी-पुस्तकासारखं खोडायची सोय नाही. एकदा रेघ गेली की गेली. झाकणावर नाव टाकू नये, अंगावर टाकावं, कारण झाकण बदललं की मालक बदलतो. आणि नाव टाकायच्या आधी गिऱ्हाईकाला एकदा मोठ्यानं वाचून दाखवावं. लग्नाच्या घाईत लोक स्वतःच्या सासऱ्याचं नाव विसरतात.

रशीदभाईंचं भांड्यांचं दुकान आहे, त्याच्या ओट्यावर माझी जागा. घर दुकानाच्या समोरच. लग्नसराईत ओट्यापुढे रांग लागायची. एकदा साखरखेर्ड्याचा एक म्हातारा लहानशी वाटी घेऊन आला. त्याला तिच्यावर स्वतःचं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि वरून 'सहपरिवार' पाहिजे होतं.

मी म्हणालो, "मामा, वाटी लहान आहे अन् नाव मोठं आहे."

"मंग बारीक लिही ना बे. पैसे नावाचे घेतं का वाटीचे?"

"अक्षरावर घेतो."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "मंग सहपरिवार काढून टाक. परिवार काई लग्नाले येत नाही, घरीच हाये."

माझी बायको कमल तेव्हा शेजारी बसून भांडी पुसून देत होती. ती इतकी हसली की तिच्या हातातलं ताट खाली पडलं. ते ताट अजून घरात आहे, काठाला पोचा आहे.

कमल सातवी शिकलेली. आमच्या दोघांत ती शिकलेली आणि मी कारागीर. शुद्धलेखन तिचं, हात माझा. आणि काही वेळा अक्कलही तिचीच. एक बाई आली होती. नवऱ्यानं टाकून दिलेली, माहेरी परत आलेली. रुखवतातली भांडी तिनं भांडून परत मिळवली होती. सगळ्यांवर माझ्याच हातचं नाव, नवऱ्याचं आणि तिचं जोडून. ती म्हणाली, "त्याचं नाव घासून टाका." स्टीलवरचं नाव घासलं तर नाव जात नाही, भांड्याला व्रण पडतो. मी तेच सांगत होतो. बाई ऐकेना, रडायला लागली. कमलनं तिच्या हातातला गंज, म्हणजे उभट पातेलं, घेतला, फिरवून पाहिला आणि मला म्हणाली, "अजी, घासता कायले? दुसऱ्या अंगाले जागा हाये. तिथं तिचं एकलीचं नाव टाका. ठळक टाका. अन् बाई, तू ते अंग समोर ठेवत जा." तसंच केलं. सगळी भांडी. ती बाई पुढे कितीतरी वर्षं संक्रांतीला कमलकडे तिळगूळ घेऊन येत होती.

मग माझा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग अक्षरात. सुई थरथरते, हातही थरथरतो, मध्ये अक्षर मरतं. रशीदभाई गिऱ्हाइकांना काही बोलायचे नाहीत, पण मी नाव टाकलेली भांडी कागदात गुंडाळून द्यायला लागले. मला समजलं. कमललाही समजलं. तिनं साठवलेलं सगळं काढलं, मुलगी मंगल मलकापूरला दिलेली आहे तिनं थोडी भर घातली, आणि टेबलावर ठेवायची लेझरची मशीन आणून घरातल्या बाहेरच्या खोलीत मांडली, सोबत कांपुटर. मी विरोध केला. मी म्हणालो, नाव हातानं टाकायची गोष्ट आहे. कमल म्हणाली, "हात राह्यला कुठं तुमचा? मले चहा देता तं अर्धा बशीत असते."

मशीन म्हणजे एक उभा खांब, त्यावर खालीवर होणारं डोकं, डोक्यात काच. खांबाला फिरवायचा दांडा. भांडं खाली ठेवायचं. डोक्यातून दोन लाल ठिपके पडतात. दांडा फिरवून डोकं वरखाली करायचं, दोन ठिपके एकावर एक आले की उंची बरोबर. हे काम मला पहिल्याच दिवशी जमलं. डोळ्याचं काम होतं. पण ती मशीन स्वतः काहीच लिहीत नाही. लिहितो कांपुटर. त्यात नाव टाइप करायचं, तिथून वायरीतून ते मशीनला जातं. आणि त्या दोघांची गाठ पडेना.

कांपुटर उघडला की एक इंग्रजी पाटी यायची. मशीन सापडत नाही म्हणून 'डेमो'त चालू आहे, असं तिच्यात लिहिलेलं. म्हणजे पडद्यावर नाव उमटतं, बटण दाबलं की काम चालल्यासारखं दिसतं, आणि इकडे भांडं कोरं ते कोरं. विकणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "ड्रायव्हर टाका." मी म्हणालो, मशीन चालवायला आम्ही दोघं आहोत, तिसरा कशाला? कमलनं माझ्या हातून फोन घेतला. तीन-चार दिवस ती त्या माणसाशी बोलत होती, मोबाइलवर व्हिडिओ पाहत होती, भाजी करपवत होती. शेवटी तिनं मला समजावलं ते असं:

"ड्रायव्हर म्हंजे दुभाष्या. कांपुटरची बोली येगळी, मशीनची येगळी. हा मधात बसून सांगते. पण तो एकाच भोकाले बसते. वायर दुसऱ्या भोकात घातली की कांपुटर म्हणते, मी नाही वळखत याले. अन् आधी मशीन जागी करायची, मंग कांपुटर. उलटं केलं की दोघं एकमेकाइकडे पाहतच नाहीत."

कांपुटरच्या डब्याला मागे वायरीची पाच-सहा भोकं असतात, सगळी सारखी. कमलनं बरोबर भोकाच्या वर आपल्या कपाळावरची टिकली काढून चिकटवली. मोठी, लाल. म्हणाली, "आता आंधळाबी चुकणार नाही."

तेव्हापासून कामाची वाटणी ठरली. मी मशीन जागी करायचो, भांडं ठेवायचो, ठिपके जुळवायचो. ती वायर पाहायची, कांपुटर लावायची, पाटी येते का नाही ते पाहायची. पाटी नाही आली की म्हणायची, "लागलं." मग भांड्यावर लाल चौकट दिसायची, नाव कुठं पडणार ती. मी मान हलवायचो, ती बटण दाबायची. चर्र आवाज, जरासा धूर, नाव तयार. 'लागलं' हा शब्द मी रोज ऐकत होतो. मी कधी विचारलं नाही की कसं लागलं. ती होती ना.

मागच्या हिवाळ्यात तिची छाती धरली. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. आतल्या खोलीत तिचा जीव घाबरायचा, म्हणून तिची खाट बाहेरच्या खोलीत मशीनजवळ टाकली. मांडीवर उशी, उशीवर कीबोर्ड, असं ती टाइप करायची. मी म्हणायचो, झोप. ती म्हणायची, "झोपून काय करू? पाह्यनं तं भांडं तिरपं ठेवलं तुमी." एका सकाळी मी चहा घेऊन आलो आणि ती गेलेली होती. कांपुटर सुरू होता. मशीन सुरू होती. लागलेलं होतं.

माणसं जमली. बसायला जागा नव्हती. मशीन जड, ती हलली नाही. कांपुटर भावकीतल्या कोणीतरी वायरी उपटून आतल्या खोलीत नेऊन ठेवला. मशीनची वायर तशीच जमिनीवर लोंबत राहिली.

आमच्याकडे जिथं जीव जातो तिथं संध्याकाळी जमिनीवर पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर टोपलं पालथं घालतात. सावडायच्या दिवशी टोपलं उचलून पाहतात. पिठात पाखराचं पाऊल दिसलं तर जीव पाखराच्या जन्माला गेला, माणसाचं दिसलं तर माणसाच्या. माझ्या थोरल्या भावाची बायको, आमची वयनी, हे सगळं करते. तिच्या हातानं दिव्यातलं तेल सांडलं, तिनं पुन्हा पीठ भुरकलं, टोपलं घातलं. अंधार पडत होता, दिव्याशिवाय उजेड नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात ती लोंबती वायर येत होती, ती मी ओढून गोळा केली आणि मशीनवर टाकली. त्या दिवशी मी स्वतःहून केलेलं काम एवढंच.

सावडून आलो. वयनीनं टोपलं उचललं. पिठात एक रेघ होती. वळवळत गेलेली, काठापर्यंत.

वयनी म्हणाली, "भाऊजी, सरपटलं हाये. कमल सापाच्या जन्माले गेली."

मागून कोणीतरी म्हणालं, "जीव अडकला असन भांड्याकुंड्यात. धनावर बसते तो सापच."

जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांड्यांवर दुसऱ्यांची नावं टाकली, तिचा जीव भांड्यात अडकला म्हणे. मला बोलायचं होतं, पण माझ्या डोळ्यासमोर रेघ होती. मी रेघा ओळखतो. ती पुसट नव्हती, कोणाच्या मनातली नव्हती. होती.

मंगल आतून ऐकत होती. ती भिंतीला टेकून खाली बसली. "बाबा, माह्या आईनं काय पाप केलं हो?" दुसऱ्या दिवशी तिच्या सासरचे लोक भेटायला आले, त्यांच्याही कानावर गेलं होतं. एक बाई मंगलला म्हणाली, "नागपंचमीले जपून रहाजो वं." मंगल त्या दिवसापासून जेवायची कमी झाली. आणि संध्याकाळी मागच्या दाराशी, तुळशीच्या आडोशाला, दुधाची एक वाटी ठेवायला लागली. चोरून. मी पाहिलं, मला राग आला, पण वाटी मी उचलली नाही.

तेरवीला गेलेल्या माणसाच्या नावानं नातलगांना भांडी वाटतात. ही रीत मला माहीत नसली तर कोणाला असणार? अर्धं पोट त्यावर भरलं. 'कै.' हे अक्षर मी किती वेळा टाकलं असेल. मी ठरवलं होतं की कमलच्या नावाच्या ताटल्या वाटायच्या. लोक घरी जाऊन साप-साप करतील, पण रोज जेवताना ताटलीवर तिचं नाव वाचतील. दुसरं तिच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

सुतकात काम करता येत नाही. दहावा झाला आणि तेरवीपर्यंत मधले दोन दिवस हाताशी राहिले. रशीदभाईंनी ताटल्या आणून दिल्या. पैशाचं बोलू दिलं नाही. पहिली ताटली मी हातानं टाकायला घेतली, जुन्या सुईनं. 'क' काढला. तो 'क' नव्हता. ताटली बाजूला ठेवली.

मग कांपुटर बाहेर आणला. टिकली जागेवर होती. आधी मशीन जागी केली. वायर टिकलीखालच्या भोकात घातली. मग कांपुटर. पाटी आली. डेमो. सगळं बंद केलं, पुन्हा पहिल्यापासून. पाटी. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "अंकल, ड्रायव्हर परत टाका, मी व्हिडिओ पाठवतो." व्हिडिओ इंग्रजीत होता. दुसरा दिवस उजाडला तरी तेच. पडद्यावर मी तिचं नाव टाइप केलं, एकेक अक्षर शोधून. पडद्यावर ते छान दिसत होतं. बटण दाबलं की काम चालल्यासारखं दिसत होतं. खाली ताटली कोरी.

मला वाटलं, आता हे घर असंच चालणार.

रशीदभाई दुपारी दुकान सोडून आले. खुर्ची ओढून बसले. "भाऊ, भाभीनं काई येगळं केलं असन का? याद करा."

"सगळं केलं. आधी मशीन, मंग कांपुटर. टिकलीचं भोक."

"अन् वायर?"

"वायर तीच हाये."

"भाऊ, माह्या मोबाइलचं चार्जर असंच करते. खिशातला कचरा भरते त्याच्यात. जरा पाहा तं खरं."

अक्षर तपासायचं माझं भिंग काढलं. वायर उपटून तिचं तोंड भिंगाखाली धरलं. आत पांढरं होतं. सुईच्या टोकानं उकरलं. पीठ. तेलानं मळून घट्ट बसलेलं पीठ.

पीठ पसरलं ती संध्याकाळ आठवली. दिव्याचं सांडलेलं तेल. वयनीनं वरून भुरकलेलं पीठ, खाली जमिनीवर पडलेलं वायरीचं तोंड, अंधारात कोणाला दिसलं नाही ते. आणि टोपल्याखालून ती वायर ओढून घेणारा माझा हात. हात थरथरतो माझा. रेघ वळवळतच जाणार.

"रशीदभाई," मी म्हणालो, "साप सापडला."

रशीदभाईंनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "या अल्ला! किधर?"

मी वायर त्यांच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. पाय खाली घ्यायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, "भाऊ, पोरीले आजच सांगा. सगळ्यात आधी तिले सांगा. मनावरचं वझं उतरन तिच्या."

पीठ काढायला वेळ लागला. सुईनं, मग जुन्या टूथब्रशनं. निघालेलं पीठ मी फुंकलं नाही. कागदावर घेतलं, कागद दुमडून खिशात ठेवला. मशीन जागी केली. वायर टिकलीखाली घातली. कांपुटर लावला. आम्ही दोघं पडद्याकडे पाहत होतो. पाटी आली नाही.

"लागलं," मी म्हणालो. खोलीत तो शब्द माझ्या आवाजात बरा वाटला नाही.

ताटली ठेवली, ठिपके जुळवले, लाल चौकट पाहिली. 'कै. सौ.' आणि पुढे तिचं नाव. हातानं टाकलं असतं तर रेघेरेघेला थांबता आलं असतं, श्वास घेता आला असता. मशीन थांबत नाही. चर्र झालं, धूर आला, संपलं. इतक्या लवकर. पुढची ताटली. पुढची. रशीदभाई पुसून रचत गेले. एकदाच म्हणाले, "अक्षर चांगलं पडलं भाभीचं." मग डोळे पुसायला बाहेर गेले.

संध्याकाळी मंगलला मशीनजवळ बसवलं. वायर दाखवली, कागदातलं पीठ दाखवलं, कशी ओढली ते ओढून दाखवलं. मला वाटत होतं की ती आता मोकळी होईल. कदाचित हसेल. तिच्या आईसारखी.

तिनं वायर हातात घेतली, तिचं तोंड उजेडाकडे धरून पाहिलं.

"म्हंजे ते तुमी केलं."

"हाव."

"मंग त्या पिठात दुसरं काईच नव्हतं?"

"नाही. ती रेघ सोडली तं पीठ कोरं होतं."

"म्हंजे आई कुठंच नाही गेली," मंगल म्हणाली. "साप तं साप, मले वाटे तुळशीपाशी येत असन. दूध पेत असन. आता तं तेबी नाही, बाबा."

मी नाव टाकणारा माणूस. खोडता येत नाही हे मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलो. ती उठून स्वयंपाकघरात गेली. जरा वेळानं दुधाची वाटी हातात घेऊन मागच्या दारात उभी राहिली. माझ्याकडे पाठ होती.

"बाबा, ठेवू का नको?"

"ठेव," मी म्हणालो.

सकाळी वाटी रिकामी होती. मांजर फिरते तिकडे.

तेरवी झाली. ताटल्या वाटल्या. वयनीलाही दिली. तिनं नावावरून बोट फिरवलं आणि पदर डोळ्याला लावला. वायरीचं मी तिला सांगितलं नाही. जिला सांगायचं होतं तिला सांगून पाहिलं होतं.

मंगल सासरी गेली, आता मी एकटाच काम करतो, संध्याकाळी वाटीही मीच ठेवतो. आधी मशीन, मग कांपुटर. टिकलीचा लाल रंग उडत चालला आहे, पण चिकटलेली आहे. लग्नसराईत गिऱ्हाईक घरापर्यंत येतं, चहा घेतं, आणि जाताना कोणाचं तरी लक्ष मागच्या उघड्या दारातून तुळशीपाशच्या वाटीकडे जातं. हसतात. म्हणतात, "काका, गावाच्या भांड्यावर नाव टाकता, अन् घरातली वाटी कोरी?"

मी म्हणतो, आहे एक तशी. राहू द्या.